दूधसागरची वाट

पावसाळा लागला की मिरज, बेळगाव, लोंढा मार्गाने गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पाठीवर सॅक घेतलेली मंडळी दिसायची. कॅसलरॉकला उतरायचं, उजाडलं की रुळांच्या कडेने चालू लागायचं, दूधसागर डोळे भरून बघायचा आणि संध्याकाळपर्यंत कुळे गाठायचं, हा पुणे-कोल्हापूर-बेळगावच्या भटक्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. कॅसलरॉकपासून धबधबा साधारण १४ किलोमीटर. आज तो शिरस्ता मोडला आहे, आणि मोडला ते योग्यच झालं, असं मला मनापासून वाटतं.

मुळात ही वाट माणसांच्या चालण्यासाठी नव्हतीच. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली करार झाला आणि मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडायचं ठरलं. १८८८ पर्यंत मीटरगेजची गाडी कॅसलरॉकला पोचली. याच वाटेवरच्या ब्रागांझा घाटात चढ इतका तीव्र, की ३७ मीटर पुढे जाताना रूळ एक मीटर वर चढतो. म्हणून आजही गाडीला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. रूळ रुंद झाले ते १९९० च्या दशकात.

चालणाऱ्याला या रुळांचा खरा स्वभाव पायांतून कळायचा. स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाशी कधी जमत नाही. एक पाऊल सिमेंटवर, दुसरं खडीत, आणि खडीवर शेवाळ. बोगद्यात शिरलं की टॉर्चच्या उजेडात फक्त ओली भिंत आणि अधूनमधून तिच्यात कोरलेले कोनाडे दिसायचे. मागून बँकरचा भोंगा ऐकू आला की सगळे त्या कोनाड्यात अंग चोरून उभे. मालगाडी जाताना आख्खा बोगदा थरथरायचा, डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरायचे. बाहेर पडल्यावर मोजे खाली करून जळवा काढायच्या आणि पुन्हा चालू लागायचं. मग एका वळणावर आवाज आधी यायचा, धबधबा नंतर: ३१० मीटरवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी आणि त्याच्या पुढ्यातून गेलेला रेल्वेचा पूल. वारा फिरला की तुषार थेट पुलावर.

२०१३ मध्ये ‘चेन्नई एक्स्प्रेस’मधून हे दृश्य देशभर पोचलं, आणि त्या सुमारास हाताहातांत मोबाइल कॅमेरेही आले. मोजक्या भटक्यांच्या जागी शनिवार-रविवारी झुंडी येऊ लागल्या. एवढ्या माणसांना बोगद्यातले कोनाडे कुठून पुरणार? रुळांवर विनापरवाना चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली आधीपासूनच गुन्हा आहे. अंमलबजावणी मात्र हळूहळू कडक होत गेली. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी पोलिसांनी शेकडो जणांना अडवलं, काहींना उठाबशा काढायला लावल्या. त्या उठाबशा मला पटल्या नाहीत, बंदी पटली. बोगद्यात मालगाडी समोर आल्यावर तरण्याताठ्या पोरांचे पांढरे पडलेले चेहरे पाहिलेल्या कुणालाही ती पटेल.

पण या काळातली सर्वांत मोठी घटना वेगळीच आहे, आणि भटक्यांच्या गप्पांत ती फारशी येत नाही. याच घाटातून दुसरा रूळ टाकण्याचा प्रस्ताव होता. बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा हे त्यामागचं एक मोठं कारण असल्याचं विरोधकांचं म्हणणं. मोले इथल्या भगवान महावीर अभयारण्यातली झाडं तुटणार म्हणून २०२० मध्ये गोव्यातली तरुण मुलं ‘आमचें मोलें’ म्हणत उभी राहिली. २०२१ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने दुपदरीकरणाविरुद्ध मत दिलं, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. दूधसागरचं पाणी या रानाने धरून ठेवलेलं आहे. रान उघडं पडलं असतं, तर त्याची झळ धबधब्यालाही बसली असती.

धबधब्याकडे जायचं तर आता पावसाळा सरला की कुळेहून जीप निघतात, ओढे ओलांडत जंगलात शिरतात, शेवटचा टप्पा दगडांवरून पायी. लाइफ जॅकेट सक्तीचं. सोय चांगली आहे, स्थानिकांच्या चुलीही त्यावर पेटतात. मात्र दूधसागर ऐन भरात असतो तेव्हा ही जीपची वाट बंद असते. म्हणून कुळेच्या बाजूने रुळांना न शिवणारी पायवाट पावसाळ्यातही गावातल्याच वाटाड्यांच्या हाती द्यावी, रोजची माणसं मोजून सोडावीत, आणि ओढ्याला पाणी चढलं की वाटाड्याचा शब्द शेवटचा मानावा. घाटवाटा तोंडपाठ असलेली मुलं त्या गावांत आहेत.