शासन निर्णय मोबाईलवर वाचा, ओळीवर खूण करा

‘नवा जीआर आलाय म्हणे’ एवढ्या वाक्यावर गावात आठ-आठ दिवस चर्चा चालते. पारावर एक जण एक सांगतो, कृषी सेवा केंद्रात दुसरा दुसरेच सांगतो. जीआरची पीडीएफ मात्र बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडलेली असते. ती शेवटपर्यंत वाचणारे थोडे. त्याला कारणही आहे. कागद दहा-पंधरा पानांचा, अक्षर बारीक, आणि आज सापडलेली कामाची ओळ उद्या पुन्हा सापडत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यावर बिनखर्चाचा उपाय आहे. पीडीएफ वाचण्याचे ॲप मोबाईलवर फुकट मिळते. छापील कागदावर आपण पेनाने रेघ मारतो, कडेला चार शब्द लिहितो, तेच काम या ॲपमध्ये बोटाने होते.

जुन्या कागदाचा घोटाळा

पीक विम्याचेच उदाहरण घ्या. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के या मर्यादेत आला. त्या हंगामात भरपाईही पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरली. पण २०२३ चा जीआर कोणी पुढे पाठवला, तर तो आजही नव्यासारखाच दिसतो. तारीख न पाहता त्यावर विसंबणारा हंगामात फसतो.

म्हणून जीआर उघडला की पहिली खूण तारखेवर करा. पुढच्या खुणा या चार ठिकाणी: पात्र कोण, मुदत कधीपर्यंत, कागदपत्रे कोणती, आणि तक्रार कोणाकडे करायची. ‘अधिक्रमित’ हा शब्द दिसला तर तिथे थांबा. आधीचा निर्णय बाजूला ठेवून हा नवा लागू झाला, असा त्याचा अर्थ. राज्य शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार पाहायला मिळतात. शंका आली तर व्हॉट्सॲपवरची प्रत सोडून तिथली उतरवून घ्यावी.

खूण कशी करावी?

प्ले स्टोअरवर ‘ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर’ शोधा. पीडीएफ हा प्रकार याच कंपनीने १९९३ साली आणला. ॲप घेताना कंपनीचे नाव पाहून घ्या. खाते मागितले तर गूगलच्या खात्याने आत जाता येते. मध्येच पैसे भरून जादा सोयी घेण्याची जाहिरात येईल, ती बंद करा. वाचणे, खूण करणे, टीप लिहिणे यांना पैसे पडत नाहीत.

आता जीआर ॲपमध्ये उघडा. हव्या त्या ओळीवर बोट दाबून धरा, ओळ संपेपर्यंत खूण ओढत न्या आणि ‘हायलाइट’ दाबा. ओळ पिवळी होते. टीप लिहायची तर कॉमेंटच्या चिन्हावर दाबून त्या जागी बोट टेकवा व लिहा. टंकायला अवघड जात असेल तर कीबोर्डवरच्या माइकवर मराठीत बोला, अक्षरे आपोआप उमटतात. ॲपच्या आवृत्तीप्रमाणे बटणांची जागा थोडी मागेपुढे असेल, घाबरू नका.

ओळ धरलीच जात नसेल, तर तो कागद स्कॅन केलेला, म्हणजे फोटोच आहे असे समजा. तिथे चित्र काढण्याचा पेन घेऊन रेघ मारावी. शब्द शोधण्याच्या सोयीवरही मराठीत पूर्ण भिस्त ठेवू नका. कित्येक मराठी पीडीएफमध्ये डोळ्यांना दिसणारा शब्दसुद्धा ॲपला सापडत नाही. शोध लागला नाही म्हणून ‘मुदतीचा उल्लेखच नाही’ असे ठरवू नका, पाने उलटून पाहा.

मूळ प्रत कोरी ठेवा

खुणा नेहमी दुसऱ्या प्रतीवर कराव्यात. फाइलला ‘पीक विमा २०२५ खुणांची प्रत’ असे नाव द्या, म्हणजे शोधताना गोंधळ होणार नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याबाबत तर हे पथ्य पाळाच. १५ रुपये भरून घेतलेल्या त्या उताऱ्यावर खुणा केल्या, तर सही तपासताना कागदात बदल झाल्याचे दिसू शकते. बँकेला किंवा कार्यालयात द्यायची ती कोरी मूळ प्रतच.

दुसऱ्याला फाइल पाठवली की आपल्या टिपाही त्याच्याकडे जातात. म्हणून टिपेत आधार क्रमांक, बँक खाते असे काही लिहू नये.

आणखी एक धोका आहे. ‘पीएम किसान यादी’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते, पण नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. तो वाचायचा कागद नव्हे, मोबाईलमध्ये शिरणारे ॲप आहे. त्यातून बँक खाते रिकामे होऊ शकते. ती फाइल उघडू नका, पुढे पाठवू नका.

ग्रामसभेत उपयोग

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपले तलाठी, यांनी हे मनावर घेतले तर गावाचे काम हलके होईल. ग्रामसभेपूर्वी जीआरमधल्या चार-पाच कामाच्या ओळी पिवळ्या करून ती प्रत गावच्या ग्रुपवर टाकावी, सोबत मूळ जीआरही द्यावा. छापून फलकावर लावायची असेल तर लक्षात ठेवा, पिवळी खूण छापील कागदावर येते, पण टिपेच्या आतला मजकूर सहसा येत नाही. तो खाली हाताने लिहावा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या शाळकरी मुलाने खूण केलेल्या ओळी वाचून दाखवाव्यात. अर्ज नाकारला गेला तर ‘कोणत्या कलमाने?’ असे नम्रपणे विचारा आणि आपल्या मोबाईलवरची पिवळी ओळ पुढे करा. तोंडी वादापेक्षा कागदावरची ओळ लवकर पटते.