कृष्णधवल छायाचित्रांची इंकजेट छपाई : काळ्या शाईच्या निवडीचा विचार

कृष्णधवल छायाचित्रात रंग नसतो. ते छापणारे इंकजेट यंत्र मात्र मूलतः रंगीत छपाईसाठी घडविलेले असते. काळ्या शाईच्या निवडीचा प्रश्न या विसंगतीतून उद्भवतो. महाविद्यालयाच्या संग्रहातील जुन्या छायाचित्रांच्या नव्या प्रती हिरवट किंवा जांभळट दिसल्या, की दोष बहुधा स्कॅनरला दिला जातो. त्याचे मूळ शाईत असण्याचाही तितकाच संभव असतो.

अनेक घरगुती यंत्रांत काळी शाई रंगद्रव्याची (पिगमेंट) आणि उरलेल्या तीन शाया विद्राव्य रंजकाच्या (डाय) असतात. ही काळी शाई मजकुरासाठी असते. चकचकीत फोटो कागद निवडला, की यंत्र सामान्यतः ती बाजूला ठेवते आणि तीन रंगांच्या मिश्रणातून काळा व करडा साधते. मिश्रणाचा तोल किंचित ढळला, तरी करड्या छटेवर रंगाची झाक चढते, आणि मानवी डोळा ती चटकन टिपतो. शिवाय दिवसाच्या उजेडात तटस्थ भासणारी प्रत नळीच्या दिव्याखाली निराळी दिसू शकते. यावरील उपाय म्हणजे करड्या छटांसाठी स्वतंत्र फिकट काळ्या शाया वापरणे. एप्सन कंपनीने 2005 मध्ये आणलेल्या ‘अल्ट्राक्रोम के3’ संचात काळी, फिकट काळी व अतिफिकट काळी अशा तीन शाया एकत्र होत्या. त्यामुळे रंगीत शायांचा वाटा केवळ छटा सावरण्यापुरता उरला.

मुख्य काळ्या शाईचेही दोन प्रकार आहेत, आणि खरा गोंधळ येथेच होतो. ‘फोटो ब्लॅक’ चकचकीत व अर्धचकचकीत कागदासाठी, तर ‘मॅट ब्लॅक’ सुती किंवा अन्य खरखरीत, झिलईविरहित कागदासाठी असते. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर नीट धरत नाही, बोट फिरविताच पुसली जाते. उलट, फोटो ब्लॅक मॅट कागदावर टिकते. परंतु तिचा काळेपणा राखाडी, निस्तेज वाटतो. काळेपणा घनतेच्या मापात मोजतात. हे माप लघुगणकीय असल्याने आकड्यांतील अंतर फसवे असते. मॅट ब्लॅक चांगल्या मॅट कागदावर सुमारे 1.6 घनता देते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी अडीच टक्के परत येतो. चकचकीत कागदावर फोटो ब्लॅकची घनता 2.3 च्या आसपास पोहोचते; तेथे परावर्तन केवळ अर्धा टक्का असते. तथापि, केवळ या आकड्यावरून मॅट कागद त्याज्य ठरविणे घाईचे होईल. काचेआड टांगलेल्या प्रतीत काचेवरील चमक पुष्कळदा हा फरक गिळून टाकते.

टिकाऊपणाचा विचार केल्यास कार्बनला तोड नाही. काजळी व डिंक यांपासून केलेल्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्यांचा कागद जीर्ण होतो, अक्षर मात्र काळेच राहते. जॉन कोन यांच्या ‘पिझोग्राफी’ पद्धतीत हाच कार्बन अनेक छटांच्या शायांतून वापरला जातो. मात्र शुद्ध कार्बन पातळ पसरला, की तपकिरी दिसतो. तो तटस्थ करण्यासाठी निळसर रंगद्रव्य मिसळावे लागते, आणि ते कार्बनपेक्षा लवकर विटते. म्हणजे आज तटस्थ असलेली प्रत कालांतराने उबदार छटेकडे झुकू शकते. अभिलेखागारासाठीच्या प्रतीत थोडा तपकिरीपणा आधीच पत्करणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते. रंजकाच्या शाया याबाबत बऱ्याच दुबळ्या असतात. प्रकाशाप्रमाणेच हवेतील ओझोनही त्यांना फिकट करतो.

खर्चाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या यंत्रांत दोन्ही काळ्या शायांसाठी एकच मार्ग असे, त्यांत शाई बदलताना नळीतील शाई वाया जात असे. 2020 मधील एप्सनच्या पी700 व पी900 या यंत्रांत दोहोंसाठी स्वतंत्र छिद्रे असल्याने हा अपव्यय टळला. जुने यंत्र असेल, तर एकाच प्रकारच्या कागदाची कामे एकत्र करणे हिताचे.

कोणतीही शाई कायम करण्यापूर्वी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची 21 पायऱ्यांची करडी पट्टी नियोजित कागदावर छापावी. यंत्राच्या मांडणीत कागदाचा प्रकार अचूक नोंदवावा, कारण कोणती काळी शाई वापरायची हे यंत्र त्यावरूनच ठरविते. पट्टी एक दिवस वाळू द्यावी आणि नंतर प्रत जेथे लागणार, त्याच ठिकाणच्या उजेडात पाहावी. शेवटच्या तीन-चार पायऱ्या एकमेकींत मिसळल्या असतील, तर शाई व कागद यांची जोडी जुळलेली नाही किंवा कागदाचा प्रकार चुकीचा नोंदला गेला आहे, असे समजावे.