फायबरच्या गाडीचं छत : मृगाआधी करायचं दोन दिवसांचं काम

आजचा विषय मार्केटिंगचा नाही, जीएसटीचाही नाही. आज आपण गाडीच्या डोक्यावर चढणार आहोत. म्हणजे खरंच चढायचं नाही, ते का ते पुढे सांगतो.

अमरावतीत राजकमल, राजापेठ, पंचवटी, गाडगेनगर, कुठेही संध्याकाळी चक्कर मारा. गिला वडा, आलूबोंडा, चायनीज, ज्यूस, चहा. यातल्या बऱ्याच गाड्या आता फायबरच्या आहेत. दिसायला चकाचक, वजनाला हलक्या, गंज नाही. अकोल्यातही तेच चित्र. पण जून लागला की माझ्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, पाणी लय गळून राह्यलं, एक सिलिकॉनची ट्यूब द्या."

ट्यूब मी देतो, धंदाच आहे. पण आधी विचारतो की गळतं कुठून? दहातल्या आठ जणांना ते माहीत नसतं. म्हणून हा लेख.

छत खराब का होतं?

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला घट्ट धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन. वर जो गुळगुळीत रंगीत थर असतो तो जेलकोट. उन्हाचा पहिला मार तोच खातो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचं छत त्याहून कितीतरी जास्त तापतं. दोन-चार उन्हाळ्यांत जेलकोट फिका पडतो आणि हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड लागते. तरीही लक्ष दिलं नाही तर रेझिन झिजतं आणि काचेचे धागे वर येतात. त्या धाग्यांच्या कडेकडेने पाणी आत शिरतं.

दुसरं कारण सांध्यांचं. खालची फ्रेम लोखंडाची आणि वरचं छत फायबरचं. तापल्यावर फायबर लोखंडाच्या साधारण दुपटीने पसरतं. दहा फुटी गाडीत दुपार आणि पहाट यांच्यात दोघांत दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. रोजची ही ओढाताण कोण सोसतं? स्क्रूची भोकं आणि कडेचं सीलंट. म्हणून गळती छताच्या मधोमध कमी आणि सांधा, स्क्रू, चिमणीचं भोक, लाइटची वायर इथे जास्त असते.

कॅनडात विनिपेगला १९६८ पासून 'बोलर' नावाचे छोटे फायबरचे ट्रेलर बनत होते. वरचा अर्धा भाग एक, खालचा अर्धा एक आणि मधे एकच पट्टा. त्यातले बरेच आजही रस्त्यावर आहेत. नवीन गाडी बनवायला टाकताना हे लक्षात ठेवा. छतावर सांधे आणि भोकं जितकी कमी, तितकी पुढची डोकेदुखी कमी. फॅब्रिकेटरला आधीच सांगा की बोर्डाची फ्रेम छताला भोकं पाडून नको, बाजूला लाव.

पहिला दिवस : धुणं आणि शोधणं

मे चा शेवटचा आठवडा बेस्ट. गॅस सिलिंडर काढून लांब ठेवा, लाइटचं कनेक्शन बंद करा. छतावर उभं राहू नका. फायबर लवचिक असतं, तुमच्या वजनाने वाकतं आणि नवीन बारीक भेगा पडतात. बाजूला शिडी किंवा घोडा लावून काम करा.

भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी आणि मऊ ब्रश घ्या. तारेची घासणी अजिबात नको, ती जेलकोट ओरबाडते. तळणाची गाडी असेल तर चिमणीजवळ तेलाचा थर असतो, तिथे दोन-तीनदा धुवा. तेलावर कोणतंच सीलंट चिकटत नाही.

आता गळती शोधा. एक जण आत खडू घेऊन बसेल, दुसरा बाहेरून पाइपने पाणी सोडेल. सुरुवात खालच्या कडेपासून करा आणि हळूहळू वर सरका. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. आत थेंब दिसला की खडूची खूण करा. एक लक्षात घ्या, थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही. पाणी फ्रेमवरून उताराने वाहत येतं, त्यामुळे मूळ जागा खुणेपेक्षा वरच्या बाजूला शोधायची. गाडी पूर्ण वाळू द्या.

दुसरा दिवस : भेग भरणं

हे काम सकाळी सहा ते नऊमध्ये उरका. उन्हात रेझिन काही मिनिटांत डब्यातच घट्ट होतं.

१. भेगेभोवती दोन-तीन इंच जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कडा उतरत्या करा, म्हणजे नवीन थराला पकड मिळते. धूळ पुसा, मग एसीटोनच्या कपड्याने पुसा. जुनं सिलिकॉन असेल तर ब्लेडने पूर्ण खरवडा. सिलिकॉनवर ना रेझिन चिकटत, ना रंग.

२. मॅटचे दोन तुकडे कापा, एक लहान, एक मोठा. एक बाय एक फुटाच्या जागेला ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर म्हणजे साधारण ८५ ग्रॅम मॅट आणि २०० ग्रॅम रेझिन. त्यात हार्डनर २ ते ३ ग्रॅम. वजनकाटा वापरा, अंदाजपंचे नको. हार्डनर जास्त झाला तर पॅच ठिसूळ होतो.

३. आधी रेझिनचा हात, त्यावर मॅट, पुन्हा रेझिन. ब्रशने टोचत टोचत हवेचे बुडबुडे काढा. मॅट पारदर्शक दिसली म्हणजे रेझिन नीट मुरलं.

४. घट्ट झाल्यावर घासून सपाट करा आणि वरून टॉपकोट द्या. दुकानात 'वॅक्सवाला टॉपकोट' म्हणून मागा. साध्या जेलकोटचा वरचा थर हवेत चिकट राहतो.

सेफ्टीचं नीट वाचा. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून गॉगल आणि हातमोजे पाहिजेच. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं आहे ना, हे दुकानदाराला विचारा. वेगळी बाटली दिली तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, आग लागू शकते. घासताना मास्क लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. अंगाला खाज सुटली तर चोळू नका, गार पाण्याने धुवा. उरलेलं रेझिन डब्यात स्वतःच तापतं, त्यामुळे तो डबा घट्ट होऊन गार होईपर्यंत उघड्यावर ठेवा.

सांधे सील करणं

सांध्यांना कडक पॅच चालत नाही, कारण तिथे हालचाल असते. तिथे पीयू सीलंट वापरा. ते रबरासारखं ताणलं जातं आणि त्यावर रंगही बसतो. गंजलेले स्क्रू बदला, रबर वॉशर नवीन टाका, प्रत्येक डोक्यावर सीलंटचा ठिपका द्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सीलंट भरा, बोट फिरवा आणि ओलं असतानाच टेप काढा. एक दिवस हात लावू नका.

शेवटी पूर्ण छताला पांढऱ्या वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे छत कमी तापतं, सांध्यांची ओढाताण कमी होते आणि आत उभ्या माणसालाही बरं वाटतं. डांबरी शीट लावायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. काळं छत आपल्या उन्हात भट्टी होतं.

आता हिशोब

समजा रोजचा गल्ला ३,००० रुपये आणि त्यात ३० टक्के सुटतात, म्हणजे ९०० रुपये. गळतीमुळे पावसाळ्यात आठ दिवस गाडी बंद राहिली तर ७,२०० रुपये गेले. भिजलेलं बेसन, शॉर्ट झालेली वायरिंग आणि दुसऱ्या गाडीवर गेलेलं गिऱ्हाईक वेगळंच. मटेरियलचं कोटेशन घ्या आणि या आकड्याशेजारी ठेवा. निर्णय आपोआप होईल.

यासाठी पीएम स्वनिधीचं कर्ज वापरू का, असं बरेच जण विचारतात. ती योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. पहिला हप्ता आधी १०,००० होता, २०२५ मध्ये तो १५,००० झाला. पण ते खेळतं भांडवल आहे, माल भरण्यासाठी. ते छतात घातलं तर माल कशाने भरणार? त्यापेक्षा रोज २० रुपये वेगळ्या डब्यात टाका. वर्षात ३०० दिवस धंदा केला तर ६,००० रुपये होतात. हा गाडीचा स्वतःचा पगार समजा.

आणि ज्यांची गाडी नाही त्यांच्यासाठी

मित्रांनो, यात एक छोटा धंदाही आहे. १५ एप्रिल ते ७ जून हा सीझन. भांडवल म्हणजे सीलंट गन, वजनकाटा, शिडी, ब्रश आणि सेफ्टीचं सामान. दर दोन भागांत सांगा, सांध्याचा रनिंग फुटावर आणि कोटिंगचा स्क्वेअर फुटावर. मटेरियलचे पैसे आधी घ्या. कामाआधी आणि नंतर फोटो काढा. गॅरंटी फक्त तुम्ही केलेल्या सांध्यांची आणि एका पावसाळ्याची द्या, तीही कागदावर लिहून. गिऱ्हाइकासमोर पाइपने पाणी सोडून दाखवा आणि मगच उरलेले पैसे मागा. ट्यूब पिळून निघून जाणारे पुष्कळ आहेत, पाणी सोडून दाखवणारे कमी आहेत.

पहिलं गिऱ्हाईक शोधायला लांब जायची गरज नाही. तुम्ही रोज जिथे चहा पिता, त्या गाडीचं छत उद्या एकदा नीट बघा आणि दादांना विचारा, "मागच्या पावसात गळलं होतं का?"

पाण्याची टेस्ट आणि मॅट लावायची पद्धत व्हिडिओत करून दाखवली आहे. आधी हा लेख वाचा, मग व्हिडिओ बघा आणि मगच सामान घ्यायला निघा.