शाम्पू मिळेल, क्रोसिन मिळणार नाही

जर्मनीहून परतलेल्या मराठी माणसाची बॅग उघडली, की चॉकलेटांच्या खाली काही गोष्टी हमखास निघतात. हँडक्रीमच्या ट्यूबा, शॉवर जेलच्या रंगीबेरंगी बाटल्या आणि पाण्यात फसफसणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्यांची नळकांडी. चाकणचे इंजिनिअर कंपनीच्या कामाने श्टुटगार्टला जात-येत असतात. आखनला, म्युनिकला शिकणारी मुलं आहेत, आणि मुलांना भेटायला म्हणून निघून अर्धा युरोप बघून येणारे आईवडील आहेत. या सगळ्यांची पावलं एका दुकानाकडे वळतातच. त्या दुकानाला तिकडे ‘ड्रोगरी’ म्हणतात. डीएम, रॉसमान आणि म्युलर ही त्यातली मोठी नावं.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात साबण, पावडर, डायपर आणि तापाची गोळी एकाच काउंटरवर मिळते. जर्मनीत या दोन दुनिया कायद्यानेच वेगळ्या आहेत. औषधं ‘आपोटेके’त, म्हणजे दारावर मोठा लाल ‘ए’ असलेल्या दुकानात. बाकीचं सगळं ड्रोगरीत. डीएमच्या फळीवर खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, काढ्यांचे चहा, जीवनसत्त्वं, बँडेज, थर्मामीटर असं बरंच काही दिसेल, पण साधी पॅरासिटामॉल दिसणार नाही. आयबुप्रोफेनही नाही. ती हवी तर आपोटेके शोधायची आणि आपल्या मानाने चांगलीच जास्त किंमत मोजायची. या आपोटेकेंच्या साखळ्याही उभ्या राहू शकत नाहीत. मालक फार्मासिस्टच लागतो, आणि त्याला एक मुख्य दुकान व तीन शाखा यापलीकडे जाता येत नाही. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या आपोटेके आळीपाळीने उघड्या राहतात. आज कोणाची पाळी आहे, हे बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं.

ड्रोगरीतला माल इतका स्वस्त कसा, याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहे. 1973 पर्यंत पश्चिम जर्मनीत साबण-टूथपेस्टची किंमत कंपनी ठरवायची आणि दुकानदाराला ती पाळावी लागायची. दुकानंही जुन्या वळणाची होती. गिऱ्हाइकाने मागायचं आणि काउंटरमागच्या माणसाने काढून द्यायचं. हे किंमतबंधन उठणार, याचा वास दोन तरुणांना आधीच लागला. दोघेही ड्रोगिस्टांच्या घरातले. डिर्क रॉसमानने 1972 मध्ये हानोव्हरला आपल्या हाताने माल उचलायचं दुकान काढलं, आणि 1973 मध्ये ग्योत्स वेर्नरने कार्ल्सरुहला डीएम सुरू केलं. 1974 पासून बंधन गेलं आणि किंमती कोसळल्या. या स्पर्धेत श्लेकर ही हजारो दुकानांची साखळी एके काळी सगळ्यांत पुढे होती. ती 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाली आणि त्याच वर्षी तिची दुकानं बंद झाली. वेर्नर पुढे प्रत्येक नागरिकाला विनाअट ठरावीक उत्पन्न मिळावं, या मागणीचा मोठा प्रचारक म्हणून गाजला. शाम्पू विकणाऱ्या माणसाने हा विषय घ्यावा याची मला गंमत वाटते. पण ज्या दुकानाने आपलं घोषवाक्य जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली ओळ वाकवून बनवलं, त्याच्या मालकाकडून तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आता काय घ्यावं? माझं स्पष्ट मत असं, की जे आपल्याकडे मिळतं ते तिकडून ओढत आणू नये. ‘ओरिजिनल जर्मन निव्हिया’ हा आपल्या लोकांचा आवडता हट्ट. निव्हियाचा इतिहास जर्मन आहे हे खरंच. हाम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीचा मालक ओस्कार ट्रोप्लोवित्स, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक शोधणारा रसायनतज्ज्ञ इझाक लिफ्श्युत्स आणि त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना या तिघांच्या कामातून 1911 मध्ये हे क्रीम आलं. निळा डबा 1925 चा, त्याआधीचा पिवळा होता. पण आज कंपनीचा कारखाना गुजरातेत साणंदला आहे. डब्यासाठी बॅगेतली जागा का अडवायची?

जागा द्यायची ती दुकानांच्या स्वतःच्या मालाला. डीएमचा बालेआ आणि रॉसमानचा इझाना हे त्यांचे घरचे ब्रँड. शॉवर जेलची बाटली एका युरोच्या आतबाहेर. स्वस्त म्हणजे हलकं, हा आपला हिशोब इथे चुकतो. 1964 मध्ये जर्मन संसदेच्या निर्णयाने ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही ग्राहकांसाठी माल तपासणारी संस्था उभी राहिली. ती आपल्या मासिकात जाहिराती घेत नाही. ती देत असलेला शेरा वेष्टनावर छापलेला असतो. आकडे आपल्या उलट चालतात, एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. सनस्क्रीन असो की क्रीम, या चाचण्यांत घरचे स्वस्त ब्रँड अनेकदा महागड्या नावांच्या पुढे असतात.

सनस्क्रीन तर जरूर घ्यावं. डीएमचं सनडान्स किंवा रॉसमानचं सुनोझोन. एसपीएफऐवजी बऱ्याचदा एलएसएफ लिहिलेलं असतं, अर्थ तोच. बाटलीवर गोलात ‘यूव्हीए’ असेल, तर अतिनील-ए किरणांपासूनचं संरक्षण त्या आकड्याच्या किमान एक तृतीयांश आहे असं समजावं. वनस्पतिजन्य प्रसाधनांत डीएमचं आल्वेर्दे स्वस्त आणि चांगलं. वेलेडा महाग, पण 1921 पासूनची कंपनी, आणि तिचं ‘स्किन फूड’ हे घट्ट क्रीम थंडीत फुटलेल्या टाचांना उपयोगी. श्टुटगार्टजवळ लाइनफेल्डनला बनणारी आयोना ही टूथपेस्ट प्रवाशाने घ्यावीच. ट्यूब 25 मिलीलिटरची, पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी घ्यायची, महिनोन्‌महिने पुरते. क्नाइपचं आंघोळीचं मीठ दिसायला सुंदर, पण ते टबासाठी. आपल्या बादलीत त्याचं काय करणार?

एक इशारा मात्र देते. कंडिशनरला ‘श्प्युलुंग’ म्हणतात आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवाला ‘वाइखश्प्युलर’. बाटल्या दोन्हीकडे गुलाबी, सुवासिक. कोणत्या रांगेतून उचलतोय ते बघून घ्या. म्युनिकसारख्या शहरातलं पाणी जड असल्यामुळे केस राठ होतात, तेव्हा कंडिशनर लागतंच. खोबरेल तेल हवं असेल तर केसांच्या विभागात शोधू नका, ते डीएममध्ये खाण्याच्या जिनसांत, डीएमबायो या ब्रँडच्या बरणीत सापडेल.

लेबल वाचायची सवय इथे उपयोगी पडते. युरोपीय नियमांनुसार घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात. ज्यांनी ॲलर्जी होऊ शकते अशी ठरावीक सुगंधी द्रव्यं नावानिशी द्यावी लागतात. उघड्या डबीच्या चित्रात ‘12 एम’ असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवायचं. प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधनं विकायला युरोपात 2013 पासून पूर्ण बंदी आहे. भारतानेही 2014 मध्ये अशा चाचण्या आणि अशा मालाची आयात बंद केली, तेव्हा ‘प्राण्यांवर न तपासलेलं’ या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका. फळीवर किंमतीखाली बारीक अक्षरांत एका लिटरचा किंवा किलोचा दर असतो, तुलना त्याच्याशी करावी.

पैशांचं थोडं. प्रसाधनांच्या छापील किंमतीत 19 टक्के कर धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला एका बिलावर 50 युरोंच्या वर खरेदी असेल तर तो परत मागता येतो, मात्र माल न वापरता तीन महिन्यांत बाहेर न्यावा लागतो. करपरताव्याचा कागद सगळ्याच दुकानांत मिळत नाही, म्हणून पैसे देण्याआधी विचारावं. विमानतळावर बॅग देण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्यायचा. तिकडे राहण्याचा परवाना असलेल्या विद्यार्थ्यांना ही सवलत नाही, तेव्हा मुलाच्या नावावर बिल करू नका. हातातल्या सामानात 100 मिलीलिटरपेक्षा मोठी बाटली अनेक विमानतळांवर चालत नाही. फवाऱ्याचे डबे चेक-इन बॅगेतही प्रत्येकी अर्धा लिटर आणि मिळून दोन लिटर एवढेच. लहान बाटल्यांची वेगळी फळी जवळपास प्रत्येक दुकानात असते.

पिशवी घरची न्या. काउंटरवरची बाई वस्तू इतक्या वेगाने सरकवते की पैसे आणि पिशवी दोन्ही सांभाळताना तारांबळ उडते, आणि भरून द्यायची पद्धत नाही. तापाच्या, पोटाच्या, सर्दीच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट भारतातूनच न्या. आणि यादी शनिवारी संध्याकाळपर्यंत उरका. मोठी रेल्वे स्टेशनं आणि विमानतळ सोडले, तर रविवारी ड्रोगरी बंद असते.