कयाधूकाठचे गाव

हिंगोलीत आलेल्या पाहुण्याला कुणी नदी दाखवत नाही. चिंतामणी गणपतीचे दर्शन घडवतात, दसऱ्याचे दिवस असतील तर रामलीला मैदानावर नेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव करून आणतात. कयाधू पुलावरून जाताना लागते तेवढीच. उन्हाळ्यात पाहुण्याने खाली डोकावून "हा कुठला नाला?" असे विचारले, तर यजमान जरासा ओशाळतो आणि विषय बदलतो.

बँकेच्या नोकरीत १९८८ साली माझी इथे बदली झाली, तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पूर्णेहून मीटरगेजची गाडी रमतगमत यायची. अकोल्यापर्यंतचा तो मार्ग रुंद व्हायला २००८ साल उजाडले. चार वर्षे मी या गावात काढली, पुढे बदल्या झाल्या, तरी येणेजाणे सुटले नाही. गावाची ओढ राहिली म्हणा, किंवा नदीची काळजी म्हणा.

कयाधू हे प्रल्हादाच्या आईचे नाव. मुलाचे नाव महाराष्ट्रात घरोघर ठेवले गेले, आईचे नाव कुणी लेकीला ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. कर्जखात्यांवरची हजारो नावे नजरेखालून गेली, त्यांतही नाही. ते मिळाले या नदीला. वाशीम जिल्ह्यात रिसोडच्या बाजूला ती उगम पावते, हिंगोली-कळमनुरीच्या शिवारातून वाहते आणि पैनगंगेला मिळते.

गावाच्या पेठांची नावे ऐकली की जुना काळ कळतो. पलटण, रिसाला बाजार, तोफखाना. निजामाच्या राज्यातल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची इथे मोठी छावणी होती. १८१९ पासून १९०३ पर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे. एवढी माणसे, घोडे आणि बैल जगवायचे तर पाणी हवे. त्या काळी फौज काय, पेठ काय, पाणी पाहूनच वसायची.

या छावणीची एक कथा अंगावर काटा आणणारी आहे. फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली ठगांवर कादंबरी लिहिली, तिच्या प्रस्तावनेत ती येते. हिंगोलीत हरिसिंग नावाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केला होता. या गृहस्थाने मुंबईहून कापड आणण्याचा रीतसर परवाना मागितला. दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा माल वाटेवर आहे हे त्याला ठाऊक होते. तो व्यापारी आणि त्याची माणसे वाटेतच मारली गेली, आणि तो माल हरिसिंगाने आपल्या परवान्यावर आणून छावणीत उजळ माथ्याने विकला. तो ठगांचा पुढारी होता हे पुढे उघडकीला आले. कागद चोख आणि माणूस असा! आयुष्यभर कागद तपासून माणसांना कर्जे देणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकिकत वाचल्यावर रात्री झोप आली नाही, हे सांगायला हरकत नाही.

छावणीच्याच काळात, १८५५ साली, खाकीबाबा मठाच्या महंतांनी इथला दसरा सुरू केला असे सांगतात. फौजा गेल्या, निजामी गेली, दसरा राहिला. रामलीला, प्रदर्शन, पाळणे, खेळण्यांच्या दुकानांच्या रांगा आणि शेवटी रावणदहन. "म्हैसूरनंतर आमचाच," असे हिंगोलीकर छाती पुढे काढून म्हणतो. म्हैसूरकरांना कुणी विचारलेले नाही. पण सोयाबीन निघाल्यावर खिशात चार पैसे घेऊन आलेली खेड्यापाड्यांतली कुटुंबे त्या मैदानावर पाहिली, की तुलना करण्याची गरजच वाटत नाही.

नर्सी मात्र थेट नदीकाठी आहे, गावापासून पंधरा-सतरा किलोमीटरवर. संत नामदेवांचे हे जन्मगाव अशी परंपरा आहे. जन्म १२७० सालचा. अभ्यासकांत काहींचे मत पंढरपूरच्या बाजूने पडते, पण ते नर्सीत बोलू नये! नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले, त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि म्हणून नर्सीत टाळकऱ्यांच्या शेजारी पगडीवाले शीख यात्रेकरू दिसतात. आषाढी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला इथे येतात. तिला परतवारी म्हणतात. नर्सीला गेल्याशिवाय पंढरीची वारी पुरी होत नाही, अशी या भागातल्या लोकांची श्रद्धा आहे.

औंढा नागनाथ गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर. यादवकालीन दगडी मंदिर. खालच्या थरांवरची शिल्पे निवांत पाहावीत. गाभाऱ्यात उतरताना अंग चोरावे लागते. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर नामदेवांना भेटले ते इथेच, अशी कथा आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले आणि नंदी मागे राहिला, हीही इथलीच. वरच्या भागाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. दगडांचे दोन काळ नुसत्या डोळ्यांनीही वेगळे ओळखू येतात.

औंढ्याजवळच दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. केंद्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यांत आरशांमधले अंतर अणूपेक्षाही सूक्ष्म प्रमाणात हलले तरी कळावे अशी व्यवस्था. असली जागा निवडताना जमीन शांत हवी, अवजड वर्दळ जवळ नको. कारखाने नाहीत म्हणून आम्ही इतकी वर्षे मागासलेपणाच्या नावाने बोटे मोडत होतो, आणि शास्त्रज्ञांच्या लेखी ती शांतताच गुणाची ठरली!

आता नदीकडे वळतो. माझा एक भाचा अमेरिकेत मिसिसिपीच्या काठी सेंट लुईस शहरात असतो. २०१६ साली त्याच्याकडे गेलो होतो. १७६४ साली कातड्यांच्या व्यापारासाठी नदीकाठी वसलेले ते ठाणे. आज तिथे काठावरच ६३० फूट उंचीची पोलादी कमान आहे, १९६५ साली पुरी झालेली. भाच्याने मला आधी तिथे नेले, शहर नंतर दाखवले. १९९३ च्या महापुराचे पाणी कुठवर चढले होते, हेही त्याने हात करून सांगितले. तो तिथला नव्हे, तरी त्याला नदी माहीत होती. मी मनात हिंगोलीचा पूल पाहत होतो.

नकाशा उघडलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. हिंगोली कयाधूकाठी असली तरी शहराला पिण्याचे पाणी येते सिद्धेश्वर धरणातून, आणि ते आहे पूर्णा नदीवर. पूर्णा परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. कयाधूचे पाणी पैनगंगेत, तिथून वर्धेत, प्राणहितेत आणि थेट सिरोंच्याजवळ गोदावरीत. म्हणजे पूर्णेचे पाणी गाव नळाने पिते आणि सांडपाणी करून कयाधूकडे सोडते. शेजारणीकडून उसने पीठ आणावे आणि परत करताना कोंडा तिसरीच्याच दारात टाकावा, तसा हा व्यवहार.

माझ्या टेबलावर या नदीचा हिशेब कर्जाच्या अर्जांतून यायचा. आधी नदीवर मोटार बसवून पाइपलाइन टाकण्याचे अर्ज. काही वर्षांनी त्याच गटांवर विहिरीचे. मग विहीर खोल करण्याचे, मग विहिरीत आडवे बोअर मारण्याचे, शेवटी उभ्या बोअरचे. पाणी कसे खाली गेले ते सांगायला मला कुठल्या अहवालाची गरज पडली नाही. कळमनुरीकडचा एक वयस्कर खातेदार पाहणीच्या वेळी बांधावर म्हणाला होता, "साहेब, आमच्या आज्याच्या काळात शिमग्याला नदीत पोहायचो म्हणायचे. आता पोळ्याला बैल धुवायपुरतं पाणी असलं तरी बरं वाटतं." वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, गावावर पैसा खेळतो. पण हळद आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि तेवढे दिवस पाणी मागते. ते पूर्णेच्या कालव्याचे नसेल तिथे जमिनीच्या पोटातले असते, आणि नदी आटते ती नेमकी तिथून.

अलीकडे कयाधूच्या खोऱ्यात ओढ्या-नाल्यांवर बांध घालण्याची, पात्र मोकळे करण्याची कामे काही मंडळींनी हाती घेतली आहेत. कामे वरच्या अंगाला ओढ्यांपासून सुरू झाली, ही गोष्ट मला शहाणपणाची वाटते. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना निघतात तेव्हा मी जरा सावध होतो. बाकडी आणि रंगीत दिवे बसवायला पैसा लगेच मिळतो, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला मिळत नाही. काठावर बसायला बाकडे नसले तरी चालेल, माणूस दगडावर बसेल. वास नसला पाहिजे.

हिंगोली पाहायला यायचे तर दसऱ्याला या, पण जमल्यास परतवारीलाही या. अकोला किंवा पूर्णेहून रेल्वेने हिंगोलीला उतरावे, एसटीने नर्सी गाठावी. पाऊस वेळेवर झाला असेल तर त्या दिवसांत कयाधूला पाणी असते, गढूळ पण वाहते. घाटावर वारकरी बायका लुगड्याचा ओचा खोचून पाण्यात उतरतात, ओंजळ भरून डोळ्यांना लावतात आणि देवळाकडे चालू लागतात.