पायलटचं वजन किती?

१६ एप्रिल २०२४ ही तारीख यूएईत राहणारा कुणीही विसरणार नाही. वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एका दिवसात पडला. आम्ही शारजातल्या अल मजाजमध्ये राहतो, खालिद लगूनपासून चालत दहा मिनिटांवर. एरवी संध्याकाळी तिथे कारंजं बघायला गर्दी असते. त्या आठवड्यात लगून कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो, तेच कळेना. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी आणि त्यात माझी गाडी. नशिबाने वीज होती. ऑफिस दुबईत, रस्ते बंद, म्हणजे वर्क फ्रॉम होम. नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेल्या बाबांचं परतीचं विमान रद्द झालेलं. नवव्या मजल्यावर आम्ही सगळे अडकलो होतो.

त्या चार दिवसांनी मला एका मोठ्या चुकीतून वाचवलं. ती गोष्ट सांगायची आहे.

मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. पण वाढलो ओझरजवळ. बाबा एचएएलच्या कारखान्यात फिटर होते. मिगपासून सुखोईपर्यंतची विमानं त्यांच्या डोळ्यांसमोर तयार झाली. डोक्यावरून सतत विमानं जायची, त्यामुळे वेड लागणं साहजिकच होतं. इथे आल्यावर जरा पैसे साठले तसा जॉयस्टिक घेतला, मग पायाखालचे पेडल, मग मोठा स्क्रीन. बेडरूमचा एक कोपरा म्हणजे माझं कॉकपिट. बायको त्याला ‘तुझं देवघर’ म्हणते.

गेल्या काही वर्षांत माझा जीव एकाच विमानात अडकला होता. लाँग-ईझेड. अमेरिकेतल्या बर्ट रुटान या डिझायनरचं हे दोन माणसांचं, घरी बांधायचं विमान १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं. बघणाऱ्याला वाटतं, उलटं जोडलंय. छोटा पंख पुढे, नाकाजवळ. मोठा पंख मागे. इंजिन आणि पंखा तर पार पाठीमागे. पुढच्या त्या छोट्या पंखाला कॅनार्ड म्हणतात. फ्रेंचमध्ये कॅनार्ड म्हणजे बदक. राइट बंधूंचं १९०३ चं विमानही याच जातीचं होतं. आपल्याकडे सुखोई-३० एमकेआयलाही कॅनार्ड आहेत, पण तिथे सगळा तोल कॉम्प्युटर सांभाळतो. लाँग-ईझेडमध्ये कॉम्प्युटर नाही, पायलटचा हात आणि हवा एवढंच.

घरी बांधायचं म्हणजे खरंच घरी. गणपतीच्या मखरासाठी आपण थर्माकोल गरम तारेने कापायचो ना, अगदी तसाच फोम गरम तारेने पंखाच्या आकारात कापायचा आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं फायबरग्लासचं कापड चढवायचं. रुटानने विमान विकलं नाही, आराखडे विकले. बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेनेही ऐंशीच्या दशकात याच विमानाच्या आधारे एक छोटं कॅनार्ड विमान बांधलं आणि कंपोझिटच्या कामाचा हात बसवला. त्याच प्रयोगशाळेचं ‘हंसा’ विमान १९९३ मध्ये उडालं, तेही कंपोझिटचंच.

आणि घरी विमान बांधणं म्हटलं की मराठी माणसाला कॅप्टन अमोल यादव आठवणारच. त्यांचं विमान कॅनार्डचं नव्हे, नेहमीच्या शेपटीचं. पण कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधायचं, २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर मांडायचं आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी २०१९ पर्यंत वाट पाहायची, हे वाचून माझ्यासारख्या कितीजणांच्या डोक्यात किडा वळवळला असेल!

माझ्या डोक्यातला किडा जरा जास्तच वळवळला. युरोपातल्या एका माणसाचं अर्धवट बांधलेलं लाँग-ईझेड विकायला होतं. ढाचा तयार, इंजिन बसवलेलं, बाकी काम पडून. किंमत माझ्या बचतीत बसत होती. नाशिकच्या घरामागे शेड घालू, दोन-तीन वर्षांत पुरं करू, असा बेत. बायको म्हणाली, ‘‘ते सुरक्षित आहे हे मला पटवून दे, मग बघू.’’ म्हणून मी सिम्युलेटरमध्ये तेच विमान हुबेहूब बांधायला घेतलं.

यासाठी एक्स-प्लेन हा सिम्युलेटर बरा. बरेच सिम्युलेटर तयार तक्त्यांवर चालतात. अमुक कोनाला अमुक उचल, असे आकडे आधीच भरून ठेवायचे. एक्स-प्लेन विमानाचा आकार बघतो, पंखाचे छोटे छोटे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती, हे सेकंदाला कितीतरी वेळा काढत राहतो. त्याच्यासोबत प्लेन मेकर नावाचं साधन येतं. त्यात पंखांची लांबी, कोन, छेद, वजनं, इंजिन सगळं आपण भरायचं.

मी सहा महिने रात्री जागून भरलं. बारीकसारीक गोष्टी सोडल्या नाहीत. या विमानाचं पुढचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवर वळायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबायचा. रडर दोन, पंखांच्या टोकांना उभे. ते फक्त बाहेरच्या बाजूला उघडतात, त्यामुळे दोन्ही पेडल एकदम दाबले की विमानाचा वेग कमी होतो. पंखा मागे असल्यामुळे त्याचा वारा पुढच्या एलेव्हेटरवर येत नाही. सेस्नासारखं जागेवर इंजिन वाढवून नाक हलकं करता येत नाही. वेग आल्याशिवाय नाक उचलतच नाही. हे सगळं माझ्या मॉडेलमध्ये होत होतं.

आणि मुख्य परीक्षा स्टॉलची. विमान फार हळू झालं आणि नाक फार वर गेलं की पंखावरची हवा सुटते, उचल जाते. लहान विमानांच्या कितीतरी अपघातांचं मूळ हेच. कॅनार्डची खुबी अशी की पुढचा पंख मुद्दाम आधी दमेल असा बसवलेला असतो. तो दमला की नाक आपोआप खाली येतं, वेग वाढतो, तो पुन्हा उचलतो. मोठ्या पंखावर स्टॉलची पाळीच येत नाही. स्टिक पोटाशी ओढून धरली तरी विमान नुसतं मान डोलावत राहतं. माझं मॉडेलही तस्संच डोलायला लागलं, त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. ॲडव्हान्स पाठवायचं जवळजवळ ठरलंच.

मग तो पाऊस आला. दुसऱ्या दिवशी बाबांना करमेना. खिडकीतून पाण्यात बुडालेल्या गाड्या बघून कंटाळले आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी मोठ्या अभिमानाने स्टॉल दाखवला. मान डोलते, बघा!

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘वजन केलंस का?’’

‘‘बाबा, हे सिम्युलेटर आहे.’’

‘‘ते कळलं रे. सीजी कुठे आहे?’’

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा. या विमानात तो जेमतेम काही इंचांच्या पट्ट्यातच असावा लागतो. मी म्हटलं, ‘‘पट्ट्याच्या बरोबर मध्यावर.’’

‘‘कुणी ठेवला मध्यावर?’’

‘‘मी.’’

‘‘विमान आपणहून मध्यावर येऊन बसतं का?’’ मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, ‘‘पायलटचं वजन किती धरलंय?’’

मी पायलट धरला होता ऐंशी किलोचा, आणि उरलेला हिशेब मध्यावर येईल असा जुळवला होता. माझं वजन सत्तावन्न!

आम्ही दोघं एक्सेल उघडून बसलो. बाबांना एक्सेल येत नाही, पण मोमेंटचा हिशेब तोंडपाठ. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले तिचं अंतर, सगळ्यांची बेरीज भागिले एकूण वजन. लाँग-ईझेडमध्ये मागे बसणारा माणूस सीजीच्या जवळच असतो, टाक्याही तिथेच, त्यामुळे त्यांनी फारसा फरक पडत नाही. इंजिन पार मागे. त्याला तोलून धरणारा असतो तो पुढच्या सीटवरचा पायलट. म्हणून तर हे विमान उभं करताना पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीला टेकवतात. रिकामं तीन चाकांवर ठेवलं तर मागे कलंडतं. फोटोंत मी ते शंभरदा बघितलं होतं. पण त्याचा माझ्या वजनाशी काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

विकणाऱ्याने सांगितलेलं इंजिन मूळ आराखड्यातल्यापेक्षा जड होतं, ते धरलं. माझे सत्तावन्न किलो टाकले. सीजी मागच्या मर्यादेच्याही मागे गेला.

तसंच उडवलं. तीन हजार फुटांवर स्टिक ओढली. या वेळी मान डोललीच नाही. पुढच्या पंखावर भारच कमी, तो दमेल कशाला? नाक वर वर गेलं आणि मोठा पंखच आधी दमला. विमान नाक वर करून पानासारखं सपाट खाली पडायला लागलं. स्टिक पुढे ढकलली, काही नाही. इंजिन वाढवलं, काही नाही. याला डीप स्टॉल म्हणतात. जमीन येईपर्यंत मी काहीच करू शकलो नाही. बाबा मागे उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

मग नाकात साधारण दहा किलो शिसं ठेवलं, म्हणजे आकड्यांत. विमान पुन्हा शहाण्यासारखं वागायला लागलं. हलक्या पायलटने असं वजन ठेवायचं असतं, हे घरी विमान बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. मला मॉडेलमध्ये विमान पाडल्यावर कळलं.

आमच्या धंद्यात म्हणतात, टेस्ट पास झाली म्हणजे कोड बरोबर असं नाही. टेस्टच चुकीची असू शकते. मी तेच केलं होतं. उत्तर आधी ठरवून आकडे त्याला जुळवले होते.

पुढचे दोन दिवस बाबांनी प्रश्नांचा सपाटाच लावला. ‘‘पावसात काय होतं?’’ हा प्रश्न खिडकीबाहेर बघूनच सुचला असणार. उत्तर गंमतशीर निघालं. सुरुवातीच्या लाँग-ईझेडच्या कॅनार्डचा छेद असा होता की त्यावर पावसाचे थेंब बसले की उचल कमी व्हायची आणि नाक खाली जायला लागायचं. पायलटला स्टिक ओढून धरावी लागायची. पुढे जॉन रोंझ यांनी नवा छेद तयार केला आणि तो त्रास गेला. माझ्या सिम्युलेटरमध्ये पाऊस काचेवर सुंदर दिसायचा, पण पंखाला तो लागतच नव्हता. मग मी ओल्या कॅनार्डसाठी वेगळी फाइल केली.

‘‘पेट्रोलचा कॉक कुठे आहे?’’ हाही त्यांचाच प्रश्न. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात लाँग-ईझेड कोसळून गेले. त्या विमानाच्या बांधणाऱ्याने टाकी बदलायचा कॉक मूळ आराखड्यातल्या जागेऐवजी पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तिथे हात न्यायचा तर पूर्ण मागे वळावं लागायचं, आणि वळताना पाय रडरवर दाबला जायचा. अपघाताच्या चौकशीत ही जागा कारणांपैकी एक ठरली. माझ्या सिम्युलेटरमध्ये टाकी माउसच्या एका क्लिकने बदलते. खांदा वळवावा लागत नाही. हवेचं गणित कितीही अचूक केलं तरी हे त्यात येत नाही.

पाणी ओसरल्यावर मी विकणाऱ्याला लिहिलं. म्हटलं, विमानाच्या वजनाचा तक्ता पाठवा, तिन्ही चाकांखाली काटे ठेवून केलेला. आणि आराखड्यापासून काय काय बदललंय, त्याची यादी. त्याने सभ्यपणे कळवलं, वजन अजून केलेलं नाही आणि आधीच्या मालकाने काय बदललं ते त्याला माहीत नाही. त्यात लबाडी नव्हती. घरी बांधलेलं प्रत्येक विमान वेगळं असतं, एवढंच. मी पैसे पाठवले नाहीत. बायकोने त्या दिवशी शिरा केला. कारण विचारलं नाही.

जायच्या आधी बाबांना अल महत्ता संग्रहालयात नेलं. १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेजची हिंदुस्थानकडे जाणारी विमानं जिथे उतरायची, तो शारजाचा जुना विमानतळ. तेव्हाची धावपट्टी म्हणजे आजचा किंग अब्दुल अझीझ रस्ता. तिच्यावरून मी रोज गाडी चालवतो. बाबा जुन्या विमानांभोवती हात मागे बांधून फिरत होते, रिव्हेट बघत होते. मी विचारलं, ‘‘बाबा, इतकी वर्षं विमानं केलीत, एखादं उडवावंसं नाही वाटलं?’’

म्हणाले, ‘‘वाटलं की. पण दुसरा कुणी तरी उडवणार होता ना त्यात बसून. माझं काम ते नीट उतरेल असं करायचं होतं.’’

विमान बांधायचा बेत मी सोडलेला नाही. पण आता पहिल्या फोमच्या तुकड्यापासून बांधायचं, आराखड्याबरहुकूम आणि प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवून, असं ठरवलंय. तोवर मॉडेल चालू आहे. दर शुक्रवारी बाबांचा फोन येतो. तब्येत, नातवंडं, नाशिकचं ऊन, सगळं झालं की शेवटी विचारतात, ‘‘वजन वाढलं का रे काही?’’

आई मागून ओरडते, ‘‘त्याला खायला मिळतंय की नाही ते विचारा आधी!’’

(लेखक शारजात राहतात आणि सॉफ्टवेअर इंजिनीअर आहेत.)