काम तसा संरक्षक चष्मा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये, उडणारे कण किंवा प्रखर प्रकाश यांमुळे डोळ्यांना धोका असलेल्या प्रक्रियांसाठी योग्य गॉगल वा पडदे पुरविण्याची तरतूद करण्यात आली. मात्र ही योग्यता कामागणिक बदलते. ग्राइंडिंगसाठी पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे आघात सोसणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचे, बाजूंनीही बंद असलेले गॉगल वापरतात, पण तेच लावून आर्क वेल्डिंगकडे पाहणे घातक ठरते, कारण तेथे साधारणतः १० ते १३ शेड क्रमांकाची, म्हणजे तितक्या गडदपणाची, काच बसविलेला मुखवटा लागतो. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे सहज उठतात; म्हणून त्यावरील धूळ कोरड्या फडक्याने न पुसता आधी पाण्याने धुवावी, आणि थिनर तर कधीच लावू नये, कारण त्याने भिंग कमकुवत होऊन तडकू शकते.